उलटलेली नाव

पावसाळ्यात एकदा तरी भाज्याच्या लेण्यांस जाऊन यावयाचे, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. मळवलीस आगगाडीतून उतरावे, भातखाचरांच्या कडेकडेने गाव गाठावे आणि पायऱ्या चढून वर जावे. आषाढातील ती वाट एकट्याने चालावयाची सोय आता राहिलेली नाही. कारण शेजारच्या धबधब्याच्या ओढीने पुण्या-मुंबईची इतकी मंडळी लोटते की, लेण्यांकडे वळणारा माणूस त्यांस वाट चुकलेलाच वाटत असावा. परंतु चैत्यगृहाच्या भव्य कमानीखाली पाऊल टाकले की बाहेरचा कोलाहल मागे राहतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदलेले हे दालन; त्यातील अष्टकोनी खांब लाकडी इमारतीच्या अनुकरणाने आतल्या अंगास कललेले, आणि वर अर्धवर्तुळाकार छतास लाकडाच्या खऱ्याखुऱ्या फासळ्या बसविलेल्या. त्या फासळ्यांस दगडी छताचा भार मुळीच तोलावयाचा नाही. सुताराची सवय पाथरवटाच्या हातून सुटली नाही, एवढाच त्यांचा अर्थ. खाली उभे राहून वर पाहणाऱ्यास मात्र ते छत म्हणजे एक अवाढव्य नाव कोणी उपडी घालून ठेवली आहे असे भासते. युरोपातील ख्रिस्ती मंदिरांच्या मधल्या दालनास जो शब्द आहे, तोही लॅटिनमधील ‘नाविस’ म्हणजे नाव ह्या शब्दावरूनच आलेला आहे. आणि ती ‘नाविस’ व आपली ‘नौ’ ह्या एकाच घरच्या मुली आहेत, हे भाषाशास्त्र जाणणाऱ्यांस सांगावयास नको.

गेल्या खेपेस आमच्याबरोबर आमचा एक विद्यार्थी होता. ही उपडी नावेची उपमा आम्ही मोठ्या हौसेने त्यास ऐकविली. तो वर पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, आतून नाव अशीच दिसते; फक्त तिथे अंधार असतो आणि नाकात पाणी जाते.”

आम्ही चमकलो. चौकशी करता असे कळले की, चिरंजीव दोन वर्षे कुंडलिका नदीच्या पांढऱ्या पाण्यात, म्हणजे खडकांवरून फेसाळत धावणाऱ्या प्रवाहात, कनू चालवावयास शिकत आहेत. नाव उलटली असता आत बसल्याबसल्या वल्ह्याच्या आणि अंगाच्या हिसक्याने तिला पुनः सुलटी करण्याची एक विद्या आहे. तीस ही मंडळी पलटी म्हणतात. ती त्यास तलावात दहापैकी दहा वेळा साधत असे. प्रवाहात मात्र एकदाही नाही. प्रत्येक वेळी नावेतून बाहेर पडून, गोटे खात खात पोहत काठ गाठावा लागे. हे सांगताना त्याचा चेहरा नापास झालेल्या मुलासारखा झाला होता. शेवटी तो म्हणाला, “मला वाटते, सर, हे माझ्याच्याने होणार नाही. मी सोडून देतो आहे.”

आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा. पोहणे आम्हांस जेमतेम येते. अशा प्रसंगी इतिहासाच्या शिक्षकाने काय करावे? त्याने तेच केले जे त्यास येते; म्हणजे ही विद्या कोणाची, कोठली आणि कशासाठी जन्मली, ह्याचा शोध घेतला.

ती जन्मली ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर. तेथील इन्युइट शिकारी सीलच्या कातड्याने मढविलेल्या, अंगाच्या मापाने बांधलेल्या अरुंद नावेतून, कयाकमधून, समुद्रावर जात. नावेच्या तोंडाभोवती अंगातील कातडी अंगरखा असा घट्ट आवळलेला असे की, माणूस व नाव मिळून एकच जलचर प्राणी व्हावा. भाल्यास दोरी बांधलेली. जखमी सीलने झटका दिला अथवा दोरी गुंतली की नाव क्षणात पालथी. बाहेर पडून पोहावे, तर बहुतेकांस पोहणे येत नसे. आणि आले असते तरी बर्फाच्या त्या पाण्यात ते कितीसे उपयोगी पडणार? तेव्हा नावेतून सुटणे हा मार्गच नव्हता; नावेसकट वर येणे हा एकच मार्ग. घरी चुलीपाशी बसलेल्या बायकामुलांचे पोट त्या एका हिसक्यावर अवलंबून असे. ज्यास आपण आज खेळ म्हणतो, त्याचा उगम असा आहे.

मोरेव्हियन पंथाचा डेव्हिड क्रांट्स हा १७६१ साली ग्रीनलंडात गेला व १७६५ साली त्याने त्या देशाचा इतिहास जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. त्यात पालथी नाव सुलटी करण्याचे दहा प्रकार त्याने नोंदविले आहेत. पुढे नॉर्वेचा फ्रित्यॉफ नान्सेन हा १८८८ साली ग्रीनलंडचे बर्फाचे पठार ओलांडून पश्चिम किनाऱ्यास पोहोचला आणि परतीचे जहाज चुकल्यामुळे त्यास तेथेच हिवाळा काढावा लागला. त्या सक्तीच्या मुक्कामात तो कयाक चालवावयास शिकला, आणि १८९१ च्या आपल्या ग्रंथात त्याने सांगून ठेविले की, उलटल्यावर जो स्वतः वर येऊ शकत नाही, त्यास तेथे पुरा कयाकवाला समजत नाहीत. निष्णात शिकारी वल्ह्याने वर येत, वल्हे गेले तर भाला फेकण्याच्या फळीने, तीही गेली तर नुसत्या हाताने. आजही ग्रीनलंडात ह्या पलट्यांच्या स्पर्धा होतात; त्यात हाताची घडी घालून वर येणे आणि हातात जड वीट धरून वर येणे असेही प्रकार आहेत. विटेचा प्रकार वाचला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो.

यूरोपियनांपैकी ही विद्या प्रथम साधणारा म्हणून ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटाचे नाव घेतात. ३० जुलै १९२७ रोजी वाइसेनझे सरोवरात तो उलटला आणि वर आला. आम्हांस कौतुक वाटते ते ह्याचे की, त्यास गुरू असा कोणीच नव्हता. ग्रीनलंडास गेलेल्या प्रवाशांची वर्णने वाचून तो शिकला. ग्रंथ वाचून पोहता येत नाही, हे वचन आपण विद्यार्थ्यांच्या तोंडावर नेहमी फेकतो. त्यास हा एक अपवाद आढळला, ही आम्हां ग्रंथजीवी लोकांच्या समाधानाची गोष्ट होय. वल्ह्याचे एक पाते हातात धरून दुसरे लांबवर पाण्यात फिरवावयाचे, म्हणजे तरफ लांब होऊन जोर कमी लागतो, ही त्याची रीत त्याच्याच नावाने ओळखली जाते.

ह्याच्या उलट कथा इंग्रज प्रवासी जीनो वॉटकिन्स ह्याची. १९३०-३१ च्या स्वारीत तो पूर्व ग्रीनलंडात इन्युइटांपासून कयाक व पलटी शिकला आणि तीत चांगला तरबेज झाला. पुढच्याच मोहिमेत, ऑगस्ट १९३२ मध्ये, तो एकटाच सीलच्या शिकारीस गेला. सोबत्यांस त्याची रिकामी कयाक पाण्यावर तरंगताना आढळली. तो आढळला नाही. वय अवघे पंचवीस. पलटी येणाऱ्यासही नदी-समुद्र काही लिहून देत नाहीत, हे ज्यास त्या विद्येचा मोह पडेल त्याने ध्यानात ठेवावे.

कनूचा प्रकार थोडा निराळा. ती मूळची उत्तर अमेरिकेतील आदिवासींची. भूर्जाच्या सालीची आणि वरून उघडी. ती उलटली तर पाण्याने भरे; तीत पलटीचा प्रश्नच नसे, आणि धबधबा आला की ते शहाणे लोक नाव डोक्यावर घेऊन काठाने चालू लागत. पुढे युरोपातील शर्यतबाजांनी कनूवर कयाकसारखे झाकण चढविले, तेव्हा पलटीही तिच्यात शिरली. १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये आउग्सबुर्गच्या कृत्रिम पाटात ह्या पांढऱ्या पाण्याच्या शर्यती प्रथम झाल्या. कयाकवाला पाय पसरून बसतो व त्याच्या वल्ह्यास दोन पाती असतात. कनूवाला गुडघे टेकून बसतो आणि त्याच्या हाती एकच पाते. अर्थात् गुरुत्वमध्य वर, आणि साह्य एकाच बाजूस. पलटी कनूत अधिक अवघड ती ह्याचमुळे.

आपल्याकडे ही विद्या का निपजली नाही, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. आमच्या मते त्याचे उत्तर आपल्या नावांतच आहे. कोकणातील होडीस बाजूला आडवी काठ्यांनी बांधलेली एक ओंडक्याची जोड असते; तीस उलांडी म्हणतात. उलांडी असेल तर होडी सहसा उलटत नाही. देशावरील नद्यांत दोन डोणग्या किंवा भोपळे एकत्र बांधून सांगड करीत; ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण कथेची व इतिहासाची सांगड घालताना वापरतो खरा, पण ती मुळात पाण्यावर घातली गेली. कृष्णाकाठी पुराच्या वेळी गुऱ्हाळातील काहील पाण्यात लोटून माणसे पैलतीरी नेत. ती गरगर फिरे, पण एकदम पालथी होत नसे. सारांश, उलटू नये ह्याची तजवीज आपल्या लोकांनी केली. उलटल्यावर काय, ह्याचा विचार केला नाही. उबदार पाण्याच्या देशास ते पुरेसे होते. ह्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. तथापि ज्याने आपणहून उलांडीवाचूनची नाव पत्करली, त्यास आजोबांचे शहाणपण पुरणार नाही, हेही तितकेच खरे.

आता आमच्या विद्यार्थ्याची अडचण. तलावात साधते ते प्रवाहात का साधत नाही? ह्या विषयावरील ग्रंथ व जाणती माणसे ह्यांच्याकडून आम्ही जे गोळा केले, त्याचे सार असे. पालथा झालेला माणूस प्रथम काय करू पाहतो? डोके वर काढू पाहतो. ही प्राणिमात्राची उपजत बुद्धी आहे आणि येथे तीच त्याचा घात करते. डोक्याचे चार-पाच किलो वजन पाण्यात असेपर्यंत पाणीच तोलते. ते बाहेर आले की तो भार मानेवर, खांद्यावर आणि शेवटी वल्ह्यावर पडतो आणि अर्धी वर आलेली नाव पुनः खाली जाते. म्हणून क्रम उलटा: आधी नाव, मग कंबर, मग छाती, आणि डोके सर्वांच्या शेवटी. कनूवाल्याने उलटताच पुढे वाकून कपाळ झाकणाजवळ आणावे, म्हणजे खडकाचा मार तोंडावर न येता शिरस्त्राणावर येतो. वल्हे नावेच्या बाजूस समांतर धरून पात्याने पाण्याच्या पृष्ठावर बाहेरच्या अंगास अर्धवर्तुळ काढावे; पाते नावेशी काटकोनात आले की त्याची पाठ पाण्यावर दाबावी आणि त्याच क्षणी पाण्याकडचा गुडघा जोराने वर ओढून नाव आपल्या अंगाखाली घ्यावी. वल्हे केवळ टेका देते. काम कंबरेचे व गुडघ्याचे. नाव फिरत असता नजर पात्यावर खाली ठेवावी, छाती झाकणावरून सरकवीत मध्यावर आणावी, नाक जवळजवळ लाकडास घासावे. आकाशाकडे ज्याने पाहिले तो बुडाला.

प्रवाहात ह्याहून आणखी एक गोष्ट आहे आणि ती आम्हांस फार मार्मिक वाटली. नाव उलटते त्या क्षणी तिचा वेग निराळा व पाण्याचा निराळा असतो. म्हणून पाणी तिला ओढते, झोडपते. परंतु दोन-तीन अंक मोजावे इतका वेळ स्वस्थ राहिले तर नाव प्रवाहाच्याच वेगाने वाहू लागते, आणि मग तिच्याभोवतीचे पाणी तिच्यापुरते जवळजवळ तलावासारखे स्थिर होते. शिवाय वरचा फेस म्हणजे निम्मी हवा. त्यावर पाते दाबले तर आधार कसला मिळणार? पाते फेसाखालच्या घट्ट पाण्यास लागले पाहिजे. घाबरलेला माणूस उलटताच पहिल्या अर्ध्या सेकंदात धडपड करतो. म्हणजे जो क्षण सर्वांत प्रतिकूल तोच निवडतो. आमचा विद्यार्थी तेच करीत होता. त्याची पलटी वाईट नव्हती. ती अवेळी होती. तलावात तो स्वतः तयारी करून, श्वास भरून उलटत असे. नदीने त्यास तयारीस वेळ दिला नाही. उपाय ग्रंथांत हा सांगितला आहे की, तलावातच सोबत्याने न सांगता नाव पालथी करावी. वल्हे भलत्या बाजूस असता, एक हात सुटला असता, श्वास अर्धाच घेतला असता पलटी करून पाहावी. मग खाली खोल डोह असलेल्या सौम्य प्रवाहात, आणि मग पुढे. दोन-तीन प्रयत्नांत न साधल्यास नावेच्या तोंडावरील पाणरोधी घेऱ्याची पट्टी ओढून बाहेर पडावे. त्यात लाज नाही. शिरस्त्राण, तरंगणारे जाकीट व काठावर दोरी घेऊन उभा असलेला सोबती ह्यांच्याशिवाय मात्र पाण्यात उतरू नये.

हे सारे आम्ही कागदावर लिहून त्यास दिले. तो हसला आणि म्हणाला, “सर, एकदा तुम्हीही करून पाहा.” आम्ही पाहिले. पोहण्याच्या तलावात, कमरेइतक्या पाण्यात, दोन तरुण दोन्ही बाजूंस उभे असता. वरील प्रत्येक शब्द आमच्याच हातचा होता, आणि पालथे होताच आम्ही सर्वप्रथम डोके वर काढले. सातही वेळा. तेव्हापासून परीक्षेत उत्तर पाठ असूनही भांबावणाऱ्या मुलांविषयी आमचे मत पुष्कळ सौम्य झाले आहे.

परंतु ह्या कथेतील जी गोष्ट आमच्या मनातून जात नाही, ती नावेची नव्हे, पाण्याची आहे. कुंडलिकेस हिवाळ्या-उन्हाळ्यात हे पांढरे पाणी येते कोठून? ते तिचे नव्हे. मावळ-मुळशीच्या डोंगरांवर पडणारे पाणी निसर्गतः पूर्वेस जावयाचे. भाज्याखालची इंद्रायणी देहू-आळंदीवरून, मुळा पुण्यावरून, दोघी भीमेत, भीमा कृष्णेत आणि कृष्णा पूर्वसमुद्रात. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या वीज कंपन्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावर बांध घालून हे पाणी अडविले आणि नळांतून पश्चिमेस कोकणात लोटले. लोणावळ्याच्या तलावांवर खोपोलीचे वीजघर १९१५ साली, आंद्रा खोऱ्यातील पाण्यावर भिवपुरीचे १९२२ साली, आणि मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे १९२७ साली चालू झाले. मुळशीचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते, चाके फिरविते आणि कुंडलिकेत पडते. सकाळी वीजघर चालते तेव्हा नदी भरते, आणि तेवढ्या वेळात कोलाडकडची मंडळी आपल्या नावा लोटतात. नदी उलटविण्याची ही पलटी पावलाटाच्या पलटीच्याच वर्षी पुरी झाली, हा निव्वळ योगायोग. पण मनास चटका लावणारा.

कारण ह्या पलटीत जे खाली गेले ते वर आले नाही. मुळा व नीला ह्यांचे मुळशी पेट्यातील खोरे भातशेतीचे होते. बावन्न गावांच्या जमिनी जाणार असे ठरले तेव्हा १९२१ च्या रामनवमीस तेथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट ह्यांस सेनापती ही पदवी ह्याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे ह्यांनी लढा लढविला आणि त्याचा इतिहासही लिहिला. धरणाविरुद्धच्या जगातील आद्य लढ्यांपैकी हा एक मानला जातो. भरपाई घेऊन मोकळे व्हावे म्हणणारे सावकार एकीकडे, आणि पिढ्यांची खाचरे कसणारे कुळवाडी दुसरीकडे, अशी फूट पडली. बापटांस वारंवार व शेवटी दीर्घ तुरुंगवास झाला. लढा १९२४ पर्यंत मावळला. पाणी चढत गेले. मुंबईच्या गिरण्या व आगगाड्या त्या विजेवर चालल्या, आणि आम्ही स्वतः लहानपणी मुंबईच्या ज्या दिव्याखाली अभ्यास केला, तोही बहुधा त्याच पाण्याचा. तेव्हा आम्ही कोणास दोष द्यावयाचा? परंतु कुंडलिकेवर हसतखेळत उलटणाऱ्या तरुणांस हे पाणी कोणाचे आहे एवढे तरी सांगितले जावे, असे आम्हांस वाटते. इंद्रायणीने तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी कोरडी परत दिली, अशी आपली श्रद्धा आहे. मुळेने ती खाचरे परत दिली नाहीत.

आणि मावळात पाणी अजूनही माणसे घेतेच आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीखाली कोसळला, चौघे मृत्युमुखी पडले. ह्या माणसांस पलटी येत असती तर ती वाचली असती असे म्हणणे मूर्खपणाचे होईल. ती नावेत नव्हतीच. परंतु भाज्याच्या ओढ्यात, निसरड्या दगडांवर, लहान मुलास खांद्यावर घेऊन उभे असलेले लोक आम्ही दरवर्षी पाहतो, आणि आमच्या मनात ग्रीनलंडातील तो शिकारी येतो. त्यास पाण्याची भीती होती. म्हणूनच त्याने दहा प्रकार शोधून काढले. आमच्या लोकांस धबधब्याची भीती उरलेली नाही, आणि प्रकार मात्र एकही ठाऊक नाही.

माघात एका सकाळी आम्ही त्या विद्यार्थ्याबरोबर कुंडलिकेच्या काठी गेलो. पहाटे नदीत गोट्यांमधून पाण्याची केवळ एक रेघ होती. सूर्य वर आला तसे ते दगड एकेक करून बुडत गेले आणि नदी आवाज करू लागली. आमच्या हाती दोरीची पिशवी देऊन एका खडकावर उभे केले होते. ती कशी फेकावी हे आम्हांस तीनदा समजावून सांगण्यात आले. तो आला, दुसऱ्या लाटेवर कलला आणि गेला. नावेचे तांबडे बूड तेवढे दिसू लागले. आम्ही मनात एक म्हटले, दोन म्हटले. तीन म्हणताना पाते पाण्यावर दिसले, फिरले, नाव अर्धी उठली आणि डोके आधी वर आल्यामुळे पुनः पालथी झाली. दोरी फेकावी की नाही, हे आम्हांस कळेना. ते तांबडे बूड तसेच वाहत आमच्या खडकासमोर आले. पाते पुनः दिसले. ह्या खेपेस ते सावकाश फिरले. आधी नाव आली, मग पाठ, आणि सर्वांच्या शेवटी, नाक झाकणास लावलेले, पाण्याने निथळणारे त्याचे डोके. त्याने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पुढची लाट आली होती, आणि तो वल्हे मारीत होता.